विश्लेषण : 'बिनटाक्याच्या' शस्त्रक्रियेनंतर हर्निया कसा होतो? कोणती लक्षणे दुर्लक्षित करू नयेत?

पित्ताशयातील खडे, अपेंडिक्स किंवा गर्भाशयाच्या आजारासाठी दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून घ्यायची, तर शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील अनेक रुग्णांना कल्याण, ठाणे, मुंबई किंवा नाशिक गाठावे लागते. दोन-तीन दिवसांत घरी सोडले जाते. आसनगावला लोकलमधून उतरून रिक्षाने गावी परतणारा रुग्ण चालता-फिरता असतो आणि पोटावर तीन-चार छोट्या पट्ट्या तेवढ्या दिसतात. शस्त्रक्रिया झाली, प्रश्न मिटला, असा घरच्यांचा समज होतो आणि बहुतांश रुग्णांच्या बाबतीत तो खराही असतो. मात्र फार थोड्या रुग्णांत याच छोट्या छिद्रातून आतडे किंवा आतील चरबीचा पडदा बाहेर सरकतो. डॉक्टर त्याला 'पोर्ट-साइट हर्निया' म्हणतात. ही गुंतागुंत दुर्मीळ आहे. पण तिची लक्षणे गॅस किंवा पित्तासारखी वाटतात आणि तोवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर बरेच दूर राहिलेले असतात. त्यामुळे निदानाला उशीर होतो आणि खरा धोका या उशिराचाच असतो.

पोर्ट-साइट हर्निया म्हणजे नेमके काय?

हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतील कमकुवत जागेतून आतील अवयव बाहेर डोकावणे. जुनी माणसे त्याला अंतर्गळ म्हणतात. जांघेतला हर्निया सर्वांच्या परिचयाचा असतो, कारण तो सर्वाधिक आढळतो. पोर्ट-साइट हर्नियात ही कमकुवत जागा निसर्गाने दिलेली नसून शस्त्रक्रियेसाठी केलेली असते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत प्रथम पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवले जाते, म्हणजे आत काम करायला जागा मिळते. मग 'ट्रोकार' नावाची टोकदार नळी पोटाच्या भिंतीतून आत घातली जाते. या नळीतून कॅमेरा आणि उपकरणे आत-बाहेर करतात. नळीच्या या वाटेला 'पोर्ट' म्हणतात. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत साधारणपणे चार पोर्ट असतात. त्यांपैकी दोन १० मिलिमीटरचे आणि दोन ५ मिलिमीटरचे असण्याची पद्धत सर्वाधिक रूढ आहे.

त्वचेवर छिद्र एक सेंटिमीटरचे दिसले, तरी नळी त्वचा, चरबी, स्नायूंवरचा चिवट पांढरा पडदा आणि पोटाचे सर्वांत आतले आवरण असे सगळे थर पार करते. यातला चिवट पडदा म्हणजे 'फॅशिया'. पोटाची भिंत घट्ट राहते ती प्रामुख्याने याच पडद्यामुळे. वरची त्वचा आठवडाभरात भरून येते, पण खालच्या फॅशियातील भोक नीट जुळले नाही, तर त्यातून आतडे बाहेर येण्यास वाट राहते.

'बिनटाक्याची' हे नाव का फसवे आहे?

ग्रामीण महाराष्ट्रात दुर्बिणीची ओळख प्रथम झाली ती कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेमुळे. पोटावर छेद घेऊन होणारी ती टाक्याची आणि दुर्बिणीने होणारी ती बिनटाक्याची, अशी विभागणी आरोग्य केंद्रांपासून घराघरांत रुळली. पुढे पित्ताशय, अपेंडिक्स, गर्भाशय यांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांनाही लोक याच नजरेने पाहू लागले. टाका नाही म्हणजे जखम नाही आणि जखम नाही म्हणजे पथ्य नाही, असा अर्थ त्यातून निघतो.

प्रत्यक्षात छिद्र पडतेच. छिद्र मोठे असेल तर आतल्या फॅशियाला टाका घालावाही लागतो. तो त्वचेखाली असल्याने रुग्णाला दिसत नाही. हा न दिसणारा टाका घातला आहे की नाही आणि तो टिकला की नाही, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातील पहिली दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्याआधी १९७२ पासूनच ते निदानासाठी दुर्बीण वापरत होते. हे तंत्र श्रीमंतांची चैन नसून गरिबांच्या अधिक उपयोगाचे आहे, असा त्यांचा आग्रह होता. हातावर पोट असलेल्या माणसाला लवकर कामावर परतता येते, हे त्यामागचे मुख्य कारण. तो फायदा आजही खरा आहे. म्हणूनच या शस्त्रक्रियेला घाबरण्याचे कारण नाही. मात्र लवकर बरे वाटणे आणि आतील थर पूर्ण जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे प्रमाण किती आहे?

लॅपरोस्कोपीनंतर छिद्रातून हर्निया झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९६८ मध्येच झाली होती. तेव्हा दुर्बीण प्रामुख्याने निदानासाठी वापरली जात होती. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची एक मोठी पाहणी १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात अंदाजे ४३ लाख ८५ हजार शस्त्रक्रियांमागे ९३३ हर्निया नोंदवले गेले. हे प्रमाण लाखामागे सुमारे २१ इतके होते. ज्या रुग्णांत छिद्राचा आकार माहीत होता, त्यांपैकी ८६ टक्क्यांहून अधिक जणांत तो १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा होता.

जपानी शल्यविशारदांनी २००४ मध्ये आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात हे प्रमाण ०.६५ ते २.८ टक्के, म्हणजे हजारामागे साधारण सहा ते अठ्ठावीस आढळले. दोन्ही आकड्यांत एवढी तफावत आहे, कारण पाहणीत डॉक्टरांच्या लक्षात आलेलेच हर्निया मोजले जातात. रुग्णांना अनेक वर्षे बोलावून सोनोग्राफी केली, तर छोटे आणि त्रास न देणारे हर्नियाही सापडतात.

तुलनेसाठी पाहायचे, तर पोटावर मोठा छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियांनंतर जखमेच्या जागी हर्निया होण्याचे प्रमाण अनेक अभ्यासांत १० ते २० टक्के आढळले आहे. या बाबतीत दुर्बिणीची शस्त्रक्रिया कितीतरी अधिक सुरक्षित आहे.

बेंबीजवळच तो जास्त का होतो?

बेंबीच्या जागी स्नायूंचे थर नसतात. तिथे त्वचा, फॅशिया आणि आतील आवरण एवढेच असते. जन्मापूर्वी नाळ तिथून जात असल्याने ती जागा मुळातच नाजूक असते आणि काही जणांना तिथे आधीपासून छोटा हर्निया असतो, तोही न कळलेला. कॅमेऱ्याचा मोठा पोर्ट बहुधा बेंबीजवळच घेतात. कापलेले पित्ताशय अनेकदा याच छिद्रातून बाहेर काढतात आणि खडे मोठे असतील तर छिद्र थोडे वाढवावे लागते.

पोटाच्या बाजूला स्नायूंचे थर एकमेकांवर तिरके असतात. नळी काढल्यावर ते आपापल्या जागी सरकतात आणि वाट आपोआप झाकली जाते. त्यामुळे बाजूच्या छोट्या छिद्रांतून हर्निया होणे विरळा. तरीही ५ मिलिमीटरच्या छिद्रातून हर्निया झालेले रुग्ण नोंदले गेले आहेत. लहान मुलांची पोटाची भिंत पातळ असल्याने त्यांच्यात अनेक शल्यविशारद छोटी छिद्रेही शिवतात.

तो कधी होतो?

जपानी आढाव्यात या हर्नियाचे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला लवकर होणारा. शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांत, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत तो डोके वर काढतो. यात फॅशिया आणि आतील आवरण दोन्ही उघडे राहिलेले असतात. आतडे त्या फटीत शिरून अडकते आणि पोट बंद पडते. हा प्रकार सर्वांत घाईने उपचार करण्याचा.

दुसरा उशिरा होणारा. यात आतील आवरण जुळलेले असते, पण फॅशिया सुटलेला असतो. काही महिन्यांनी छिद्राच्या जागी मऊ फुगवटा दिसू लागतो. तो उभे राहिल्यावर किंवा खोकल्यावर वाढतो आणि आडवे झाल्यावर आत जातो. बहुतेक वेळा त्रास कमी असतो.

तिसरा प्रकार विरळा, पण उघड दिसणारा. यात त्वचेसह सगळेच थर सुटतात आणि चरबीचा पडदा किंवा आतडे थेट जखमेतून बाहेर येते.

'वारा सरतो' म्हणून निर्धास्त का राहू नये?

आतडे अडकले की शौचाला होत नाही आणि वारा सरत नाही, हे अनेकांना ठाऊक असते. पण छोट्या छिद्रात कधी कधी आतड्याची पूर्ण नळी न अडकता तिच्या भिंतीचा एक भागच चिमटला जातो. अठराव्या शतकातील जर्मन शल्यविशारद ऑगस्ट गॉटलीब रिक्टर यांच्या नावावरून त्याला 'रिक्टर हर्निया' म्हणतात. यात आतड्यातील वाट उघडी राहते. रुग्णाला थोडे शौचाला होते, वाराही सरतो, बाहेर फुगवटाही ठळक दिसत नाही. आत मात्र चिमटलेल्या भागाचा रक्तपुरवठा तुटत जातो. तो भाग काळा पडून फुटला, तर संसर्ग पोटभर पसरतो आणि जीव धोक्यात येतो.

अशा रुग्णाला पोटात कळा येतात, मळमळते, उलट्या होतात. गावात त्यावर पित्ताची गोळी किंवा सोडा घेतला जातो. शस्त्रक्रियेनंतर पोट थोडे फुगते आणि पोटात भरलेल्या वायूमुळे खांदाही एक-दोन दिवस दुखतो, हे डॉक्टरांनी सांगितलेले असते. त्यामुळे नवा त्रासही त्यातलाच वाटतो. फरक ओळखायची एक सोपी खूण आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला रोज आदल्या दिवसापेक्षा बरे वाटायला हवे. आधी बरे वाटून तिसऱ्या, पाचव्या किंवा दहाव्या दिवशी पुन्हा दुखू लागले किंवा उलट्या सुरू झाल्या, तर ते नेहमीचे नाही.

धोका कोणाला अधिक?

स्थूल व्यक्तींमध्ये धोका दोन कारणांनी वाढतो. पोटावर आतून दाब जास्त असतो आणि जाड चरबीखालचा फॅशिया छोट्या छिद्रातून दिसणे व शिवणे अवघड जाते. मधुमेह, धूम्रपान, कुपोषण यांमुळे जखम हळू भरते. जखमेत पू झाला तर टाका सैल होतो. वाढते वय, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता आणि पोटात पाणी साचणे ही आणखी काही कारणे. शस्त्रक्रिया लांबली आणि उपकरणे एकाच छिद्रातून बराच वेळ फिरत राहिली, तर छिद्र ताणले जाते. बेंबीतून एकाच मोठ्या छिद्राद्वारे केलेल्या शस्त्रक्रियांत हर्नियाचे प्रमाण तुलनेने अधिक आढळले आहे.

शस्त्रक्रिया करताना तो टाळता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. १० मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या छिद्राचा, विशेषतः बेंबीजवळचा, फॅशिया शिवावा हा सर्वसाधारण संकेत आहे. स्थूल रुग्णांत त्यासाठी खास सुया वापरतात. या सुईने कॅमेऱ्यातून पाहत धागा सर्व थरांतून ओवता येतो. दुसरी काळजी असते नळी काढताना. पोटातील वायू आधी पूर्ण सोडायचा आणि नळ्या कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली काढायच्या. तसे न केल्यास बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर किंवा नळीच्या ओढीने चरबीचा पडदा छिद्रात खेचला जाऊ शकतो. पाते नसलेल्या, थर कापण्याऐवजी बाजूला सारणाऱ्या ट्रोकारमुळेही छिद्र लहान राहते.

तरीही फॅशिया व्यवस्थित शिवलेल्या काही रुग्णांत हर्निया झाल्याचे अमेरिकी पाहणीत दिसले होते. म्हणून हर्निया झाला म्हणजे डॉक्टर चुकलेच, असा निष्कर्ष काढता येत नाही. तसेच टाका घातला आहे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्षही करता येत नाही.

घरी परतल्यावर जड काम कधी सुरू करावे?

शहरातील नोकरदाराला आठवडाभराने खुर्चीत बसून काम सुरू करता येते. शहापूर-मुरबाडमध्ये कामाचे स्वरूप वेगळे आहे. जून-जुलैत भाताची लावणी असते, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि झोडणी, त्यानंतर वीटभट्टीचा हंगाम. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा आणि तानसा धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात बायकांना डोक्यावर हंडे वाहावे लागतात. भरलेला एक हंडा उचलतानाही पोटाच्या भिंतीवर ताण येतो आणि त्याखाली फॅशिया अजून जुळत असतो.

किती दिवस वजन उचलू नये याबाबत सर्व शल्यविशारदांचे एकमत नाही. छोट्या छिद्रांसाठी काही जण दोन आठवडे पुरेसे मानतात, तर मोठे छिद्र असेल तर अनेक जण चार ते सहा आठवडे सांगतात. चालणे, हलकी घरकामे, जिना चढणे यांवर सहसा बंदी नसते. उलट चालण्याने आतड्यांची हालचाल लवकर सुरळीत होते. रुग्णाने घरी जाताना आपले नेमके काम सांगून तारीख विचारून घ्यावी. 'जड काम करू नका' या मोघम सूचनेपेक्षा 'हंडा, मोळी, भाताचा भारा अमुक तारखेपर्यंत उचलू नका' हे घरच्यांनाही लगेच कळते. ज्यांची शस्त्रक्रिया तातडीची नाही, त्यांना लावणीच्या हंगामाआधी दीड-दोन महिने मोकळे मिळतील अशी तारीख डॉक्टरांकडे मागता येते.

कोणती लक्षणे दिसल्यास थांबू नये?

पुढीलपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे :

- छिद्राच्या जागी नवा फुगवटा, विशेषतः दुखणारा, कडक किंवा आत न जाणारा
- थांबून थांबून येणाऱ्या पोटातील कळा किंवा सतत वाढणारी वेदना
- पुन्हा पुन्हा उलट्या, त्यातही हिरवट-पिवळ्या
- पोट फुगणे, शौचाला न होणे, वारा न सरणे
- ताप, छातीत धडधड, खूप थकवा
- फुगवट्यावरची त्वचा लाल किंवा काळपट होणे
- जखमेतून चरबी किंवा आतड्यासारखे काही बाहेर येणे

छिद्राजवळचा प्रत्येक फुगवटा हर्निया नसतो. तिथे पाणी किंवा रक्त साचू शकते, पू होऊ शकतो किंवा व्रण घट्ट लागू शकतो. हा फरक हाताने तपासून आणि गरजेनुसार सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून डॉक्टरच ठरवू शकतात.

काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. फुगवटा जोर लावून आत ढकलू नये. 'बेंबी सरकली' असे समजून पोट चोळून घेऊ नये. जुलाबाचे औषध किंवा एनिमा घेऊ नये. तपासणी होईपर्यंत खाणे-पिणे थांबवावे, कारण तातडीने भूल द्यावी लागू शकते. आतडे बाहेर आले असेल, तर ते आत न ढकलता स्वच्छ ओल्या कापडाने झाकावे आणि रुग्णाला आडवे ठेवून न्यावे.

जायचे कुठे?

रात्री त्रास सुरू झाला तर सकाळच्या लोकलची वाट पाहू नये. कसारा मार्गावर गाड्या कमी असतात आणि मुरबाडला तर रेल्वेच नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल तिथे प्रथम सलाइन, पोटात नळी घालून उलट्या थांबवणे आणि प्राथमिक तपासण्या होऊ शकतात. सीटी स्कॅन किंवा शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवले, तर शक्यतो आधी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाला फोन करून कळवावे. मात्र तिथेच जायचे म्हणून वेळ घालवू नये. अडकलेले आतडे कोणताही प्रशिक्षित शल्यविशारद सोडवू शकतो.

आतडे वेळेत सोडवले तर ते बहुधा वाचते आणि छिद्र शिवून रुग्ण काही दिवसांत घरी जातो. उशीर झाला तर आतड्याचा मेलेला भाग कापून जोडणी करावी लागते. उशिरा होणाऱ्या, त्रास न देणाऱ्या हर्नियावर सवडीने तारीख ठरवून शस्त्रक्रिया करता येते. भोक लहान असेल तर टाके पुरतात, मोठे असेल तर जाळी बसवतात.

खर्चाची चिंता हेही उशिराचे एक कारण असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता प्रति कुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नेमलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत ठेवून कोणता उपचार योजनेत बसतो, हे त्यांच्याकडून जाणून घ्यावे.

रुग्णालयातून निघताना काय विचारावे?

डिस्चार्ज कार्डवर चार गोष्टी लिहून घेणे उपयोगी ठरते. छिद्रे किती व कोणत्या आकाराची होती, मोठ्या छिद्राचा फॅशिया शिवला आहे का, वजन कोणत्या तारखेपर्यंत उचलायचे नाही आणि रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा. हे कार्ड आणि जुन्या सोनोग्राफीचे कागद एका पिशवीत ठेवावेत. कार्डाचा फोटो काढून घरातील दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवला तर आणखी चांगले.

उलट्या आणि पोटदुखी घेऊन आलेल्या रुग्णाने 'बारा दिवसांपूर्वी दुर्बिणीने पित्ताशय काढले आहे' एवढे आपणहून सांगितले, तरी तपासणाऱ्या डॉक्टरांचा हात प्रथम बेंबीजवळच्या त्या छिद्राकडे जाईल.